मापात ठेवलेला प्लग

मामंजी,

मी पाचोडच्या बाजाराला मासळी घेऊन चाललेय. भाकरी टोपल्यात झाकून ठेवलीय.

होडीचं इंजिन चालू होणार नाय. उगं दोरी ओढून दमू नका, अन् कॉइलला शिव्याही देऊ नका. प्लगच मी काढलाय. देवळीतल्या तांदळाच्या मापात आहे.

धरणाचं पाणी उतरून आपल्या बुडालेल्या घराचा उंबरा उघडा पडला, तवापासून तुम्ही एकटेच तिकडं जाता. काल तिथं भोवळ आली, ते माझ्यापासून लपवलंत. मी प्लग लपवत नाय. पण मी येईस्तोवर बसवू नका.

आल्यावर दोघं जाऊ. ते मापही सोबत घेऊ. लग्नात मी ते पत्र्याच्या शेडच्या दारात ओलांडलं. आपल्या उंबऱ्यावर ओलांडायचं राहिलंय.

तुमची सून,
द्वारका