टाकीत मीठ कोण घालतं

३ एप्रिल
धाकटा आज पुन्हा वरच्या कोपऱ्यात. शेपूट खाली, तोंड वर, एका कुशीवर कललेला. मोठी खालून दोन फेऱ्या मारून गेली, हा हलला नाही. दोन्ही खाऱ्या पाण्यातले क्लाउनफिश, आमच्या लेकीनं, मनूनं यांच्या निवृत्तीला दिलेले. तीन वर्षांत असं पाहिलं नव्हतं. हे म्हणाले, ऊन लई आहे, मासे तरी काय करणार. बर्फाची बाटली सोडली पाण्यात.
मनूचा फोन. आठवा लागला. डॉक्टरीणबाई तिला पुण्याहून हलू नको म्हणतात, म्हणून बाळंतपणाला मीच जायचं, पाच मेला. तिकीट हे काढणार.

६ एप्रिल
बाजारामागच्या, शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याकडे गेले. मोबाइलवर दाखवलं. म्हणाला, क्लाउन डुलतच पोहतो, कोपरा धरतो, झोपला की आडवापण होतो. "पण खातोय की नाही काकू?"
खातोय म्हटलं. घरी येऊन बघितलं. दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो.

९ एप्रिल
आता मोठीपण. कल्ले भराभर हलतात, धाप लागल्यासारखे. हे माझ्यावरच घसरले, तू जास्त खायला घालतेस. तीन दिवस मी दाण्यांच्या डबीला हात लावलेला नाही. टाकी यांची. सगळी नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात गेली, मापात केसभर फरक चालत नाही.

१२ एप्रिल
टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन गेले. मासेवाल्यानं खारटपणा मोजायच्या डबीत ओतलं. काटा पार वर जाऊन टेकला. परत ओतलं. परत तिथंच.
"काकू, टाकीत मीठ कोण घालतं?"
घरचेच, म्हटलं. उन्हानं पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून रोजची भर बिनमिठाच्या पाण्याची. हे मला ठाऊक आहे. यांनीच शिकवलंय.

१३ एप्रिल
स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसले, लक्ष टाकीकडे. सातला चहा झाल्यावर यांनी मिठाचं माप घातलं, वर तांब्याभर पाणी. पेपर वाचला. साडेआठला उठून परत माप, परत तांब्या. आंघोळीआधी तिसऱ्यांदा.
विचारलं, आज किती वेळा घातलं?
"आज मी हातच लावला न्हाय टाकीला."
बाही कोपरापर्यंत ओली. टॉवेल दिला.

१५ एप्रिल
आता एकेक आठवतंय. दुधाच्या पिशव्या दोनदा आणणं. रिक्षावाल्याला कुर्डुवाडीच्या जुन्या क्वार्टरचा पत्ता सांगितला होता, तेव्हा मी हसले होते.
मासेवाला म्हणतो एकदम पाणी बदलू नका, सोसणार नाही. हे आंघोळीला गेले की दोन तांबे काढते, दोन साधे घालते. चोरासारखं. माशांचं मीठ डाळीच्या डब्यामागे लपवलंय. हे शोधतात. दिवसभर कपाटं उघडतात, झाकतात.

१८ एप्रिल
दळणाला गेले होते, जेमतेम वीस मिनिटं. आले तर टाकीचं पाणी गढूळ आणि ओट्यावर स्वयंपाकाच्या मिठाची अख्खी पिशवी रिकामी. हे टाकीसमोर खुर्चीत. "सापडलं बघ मीठ."
मासेवाल्याला फोन. त्यानं सांगितलं तसं पाणी काढत-घालत होतं तेवढं केलं.
आता घरातलं सगळं मीठ माझ्या कपाटात, किल्ली कनवटीला. बाहेर जायचं नाही. गिरणीतून डबा शेजारच्या काकूंनी आणला.

१९ एप्रिल
मोठी गेली. यांनीच कुंडीत पुरली, हात जोडले. डोळे भरले होते यांचे. संध्याकाळी टाकीत वाकून म्हणाले, मोठी दिसत न्हाय गं.
सांगितलं. तोंड पहिल्यांदा ऐकल्यासारखं झालं.

२१ एप्रिल
काल तीनदा विचारलं, आज दोनदा. आज सकाळी मी म्हणाले, ती टाकीतल्या दगडामागं आहे. मग हे तिथंच बसून राहिले, ती बाहेर यायची वाट बघत. सांगितलं तरी त्रास, नाही सांगितलं तरी.
तिकिटाचं विचारलं. "कवाच काढलंय." मोबाइलमध्ये काही नाही.
टेंभुर्णीच्या वन्संना महिनाभर यांच्यापाशी बोलावता येईल. पण का बोलावते ते सांगावं लागेल. मग दोन दिवसांत सगळ्या नातेवाइकांत. आणि मनूला या दिवसांत हे कळलं तर…

२५ एप्रिल
धाकटा कोपऱ्यातून थोडा खाली आला. तीन दाणे गिळले. मनूला तेवढंच सांगितलं फोनवर. खूष झाली. "बाबांना सांग, तुम्हीच वाचवलं त्याला."
सांगितलं. हेही खूष.

२९ एप्रिल
दुपारी शेंगा सोलत होतो दोघं. मध्येच हात थांबला यांचा.
"मोठी माझ्यामुळं गेली का?"
नाही म्हटलं. मग बघतच राहिले माझ्याकडं, अगदी पूर्वीसारखे, एखादं माप चुकलंय हे ओळखावं तसे. मग हो म्हटलं.
शेंगा सगळ्या सोलून झाल्या.
"मनूला सांगू नको. तू जा पुण्याला. मी राहतो की एकटा."
वचन मागितलं. दिलं. द्यायला नको होतं.

१ मे
सकाळी विचारलं, कालपरवाचं बोलणं आठवतं का? कुठलं, म्हणाले. म्हणजे दिलेलं वचन आता फक्त माझ्यापाशी.

२ मे
मनूला कळा सुरू झाल्यासारखं वाटतंय. जावयांचा फोन आला, आई, पाच तारखेची वाट बघू नका, आज निघता येईल का?
यांना इथं ठेवून? सोबत घेऊन, त्या गर्दीच्या हॉस्पिटलात? वन्संचा नंबर काढून ठेवलाय. लावलेला नाही.
परत जावयांचा फोन. मनूलाच दिला त्यांनी. "बोल ना आई, निघालीस?"
हे समोरच बसलेत, माझ्या तोंडाकडं बघत.