मनीषाच्या बरणीतला खर्रा

६ जानेवारी, सोमवार
इंटर्नशिपचा पहिला दिवस. खाणीच्या टाइम ऑफिसमागची खोली मिळाली. दारावर ‘कर्मचारी आरोग्य व जागृती कार्यक्रम’, आत एक टेबल, बीपीचं मशीन, वजनकाटा आणि मी. म्हणजे मी आणि अजून एक. मनीषा राठोड. महागावकडची, तांड्यावरची. वणीत खोली घेऊन राहते. पहिल्याच दिवशी उशिरा आली आणि आल्या आल्या हसली. कडू मॅडम आमच्या प्रमुख. मी वेळेआधी येऊन टेबल पुसून बसले होते, त्याबद्दल चकार शब्द नाही. तिला मात्र, ‘चहा घेतलास का गं?’

बाबा इथेच वर्कशॉपला फिटर आहेत. ही जागा मी मुद्दाम मागून घेतली. शाळेत होते तेव्हापासून त्यांचा तंबाखूचा खर्रा सुटावा म्हणून मागे लागलेय. घरात ऐकत नाहीत. इथे सगळ्यांसोबत बसून तरी ऐकतील. बाबांचा खर्रा सुटला तर माझी इंटर्नशिप पावली. बाकी प्रमाणपत्र वगैरे ठीक आहे.

८ जाने., बुध.
फर्स्ट शिफ्टसमोर माझं भाषण. पडद्यावर चित्रं, तोंडाच्या आजाराची लक्षणं, सगळं दोन रात्री खपून केलेलं. अर्धे लोक मोबाइलमध्ये. बाबा शेवटच्या रांगेत, मान खाली. संपल्यावर डंपर चालवणारे टेकाम काका जवळ आले. प्लास्टिकची पन्नी उघडून घोटलेला खर्रा माझ्यासमोर धरला. ‘घ्या मॅडम, थोडकसा.’ मी म्हटलं, ‘हे विष आहे काका, तुम्हीही फेका.’ त्यांनी पन्नी बंद केली आणि गेले. त्यांच्यामागे बाकीचेही गेले. बीपी मोजायला एकही नाही!

घरी बाबा चिडले. ‘कायले तशी बोलली त्याले? खर्रा समोर केला म्हंजे त्यानं तुले आपलं मानलं. नाई खाचा तर हात जोडाचे.’ हे बोलतानाच सुपारी-तंबाखूला चुना लावून पन्नीवर घोटत होते. मग आईच्या शिवणयंत्राचा जांभळा दोरा तोडून पुडी बांधली. सगळ्या वर्कशॉपमध्ये जांभळ्या दोऱ्याची पुडी म्हणजे बाबांची.

जेवताना बाबांनी ठेचा बाजूला सारला. आई म्हणाली, ‘आता माह्या हातचा ठेचाबी कडू लागून राह्यला काय?’ दोघांचं वाजलं. मी माझं ताट घेऊन उठले.

९ जाने.
आज बोलायची पाळी म.ची. (पूर्ण नाव लिहायचा कंटाळा.) चित्रं नाहीत, तयारी नाही. एक रिकामी लोणच्याची बरणी घेऊन आली. टेकाम काकांनी सवयीने खर्रा पुढे केला. हिने घेतला! मी बघतच राहिले. घेतला, कपाळाला लावला आणि बरणीत टाकून झाकण लावलं. ‘मले देल्ला ना काका? आता तो माहा.’ हशा. दुसऱ्याने दिला, तोही बरणीत. नाही म्हणता येईना कुणाला, कारण दिलेला खर्रा परत कोण मागणार? मग म्हणे, बरणीत टाकला त्यानं तोंडात आपली तीन बोटं उभी घालून दाखवायची. ज्याची जात नाहीत त्यानं खोलीत यायचं. पोट्टे लहान मुलांसारखे तोंड वासून एकमेकांना दाखवत होते.

रांग लागली. खोलीत जागा नव्हती. बीपी मी मोजले, हसले सगळे तिच्याशी.

कडू मॅ. म्हणाल्या, ‘बघ पल्लवी, किती सोप्पं.’ हो. सोप्पंच होतं. मग मला का नाही सुचलं?

१४ जाने., संक्रांत
बाबांनी म.ला घरी जेवायला बोलावलं. मला न विचारता. ‘पोट्टी एकटी राह्यते वं, सणाचा दिवस हाय.’ आईने वांग्याचं भरीत, भाकरी, तिळाच्या वड्या. म. स्वयंपाकघरात पाटावर बसून वड्या थापत होती, जशी काही इथेच वाढली. बाबा तिला वर्कशॉपचे किस्से सांगत होते. क्रेनचा किस्सा मी आजवर ऐकलेला नव्हता.

जाताना आईने तिला कापड दिलं. माझ्या ब्लाउजसाठी ठेवलेलं, मोरपंखी. ‘तुह्यासाठी मी दुसरं आणीन.’ मला नकोच आहे ते. पण मोरपंखी होतं.

तिळगूळ दिला तिला. गोड बोललेही. तोंडानं.

२० जाने., सोम.
म. आज अर्धी सुट्टी टाकून गेली. कारण नाही सांगितलं. बाबाही दुपारपासून कामावर नव्हते म्हणे. योगायोग असेल.

मी एकटीने दुसऱ्या शिफ्टचं वजन-उंची केलं. जो येईल तो विचारतो, ‘त्या हासणाऱ्या मॅडम नाई आल्या काय?’

२४ जाने.
हे लिहायचं नव्हतं. पण लिहिते, नाहीतर झोप येणार नाही. माझ्या पोटात दुखतंय. ती हुशार असती तर चाललं असतं. तिला तर अहवालही धड लिहिता येत नाही, मी दुरुस्त करून देते. आणि मॅडम वाचून म्हणतात, ‘मनीषानं छान लिहिलंय.’ कोण लागून गेली ही?

बाबा आजकाल वरणात भात कालवून खातात, पेज केल्यासारखा. आई म्हणते दाढ दुखत असेल.

२७ जाने., सोम.
बरणी भरली होती, म. म्हणाली रिकामी करू या. टेबलावर वर्तमानपत्र पसरून ओतली. पन्न्या, रबरबँड, सुतळी.

आणि जांभळा दोरा. एक नाही, कितीतरी.

म्हणजे बाबांनी खर्रा दिला. रोज दिला. मी इतकी वर्षं रडले, अबोला धरला, पुड्या नालीत फेकल्या, एकदा उपाशी राहिले. तेव्हा नाही सुटला. हिने बरणी पुढे केली आणि सुटला.

आनंद व्हायला हवा होता ना? मला तर त्या बरणीचं झाकण तिच्या... असो.

घरी बाबांना म्हटलं, ‘मनीषाच्या हातात जादू आहे वाटतं. पोटच्या पोरीच्या हातात नव्हती.’ बाबांनी रिमोट उचलला. टीव्हीचा आवाज वाढवला.

२८ जाने.
म.ला गाठलं. ‘माझ्या बाबांना काय सांगितलंस?’ पहिल्यांदाच ती हसली नाही. म्हणाली, ‘काकालेच विचार पल्लवी. म्या शब्द देल्ला हाय.’
शब्द दिलाय. माझ्या बाबांना. तिने.

२९ जाने., बुध.
आज परत माझं भाषण होतं. तीच चित्रं, तेच वाचत होते. तोंड पूर्ण उघडत नाही. गालाची आतली कातडी आखडते. तिखट सोसत नाही, साधी मिरचीही...

आणि तिथेच थांबले.

ठेचा. वरणात कालवलेला भात. दाढ.

मागच्या रांगेत बाबा होते. माझ्याकडे बघत होते, मग बघेनासे झाले. म.ने उठून पुढचं वाचलं. अडखळत वाचलं, तरी कुणी हललं नाही.

तीन आठवडे परक्यांची तोंडं तपासली मी. घरात बाबा रोज समोर बसून जेवत होते.

संध्याकाळी अंगणात बाबांसमोर उभी राहिले. ‘तोंड उघडा.’ आधी नाही म्हणाले. मग उघडलं. दोन बोटं जेमतेम. डाव्या गालात आत पांढरा चट्टा, मोबाइलच्या उजेडात स्पष्ट दिसला.

मग त्यांनीच सांगितलं. बरणीपाशी त्यांची तीन बोटं जाईनात हे म.ने हेरलं होतं, आणि २० तारखेला ते तिच्यासोबत वणीच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टरांनी नागपूरला जाऊन चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला सांगितलंय. ते आठवडाभर ‘जाऊ जाऊ’ करत बसले आणि ती रोज मागे लागली.

‘मले काहून नाई सांगितलं बाबा?’ मी त्यांच्याच बोलीत विचारलं, कधी नाही ते.

‘तुह्यासमोर लाज वाटे. इतके वर्ष तू सांगून राह्यली, म्या आयकलं नाई. आता कोण्या तोंडानं सांगू तुले? ते पोट्टी परकी हाय, तिच्यासमोर तोंड उघडता येते.’

आई दारात उभी होती. ठेच्यावरून किती बोलले मी, असं म्हणत रडायला लागली. मी तिला आत नेलं.

३ फेब्रु.
नागपूर. मी आणि बाबा गेलो. तुकडा काढला. बाबा परतीच्या बसमध्ये तोंडाला रुमाल धरून बसले. डॉक्टर म्हणाले, सगळेच चट्टे वाईट नसतात, रिपोर्ट येऊ द्या. मी विचारायचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते, अर्धे विसरले. दवाखान्यातून बाहेर आलो तेव्हा म.चा फोन आला होता. बाबांना बोलता येत नव्हतं, पण कानाला लावून ऐकत होते. ती काय बोलली माहीत नाही. त्यांचे डोळे हसले.

तेव्हाही पोटात दुखलं. अशा वेळीही. काय माणूस आहे मी?

७ फेब्रु., शुक्र.
म.ला म्हटलं, ‘तू त्यांना नेलंस म्हणून निदान कळलं.’ एवढंच जमलं, थँक्यू नाही. ती म्हणाली, ‘दवाखान्यात बसल्या बसल्या काका तुह्याच गोष्टी सांगत होते. तू उपाशी राह्यली होती ते सांगताना रडले.’ मग चहा आणायला गेली. मला परत तिचा राग आला, कारण बाबांना रडताना तिने बघितलं, मी नाही.

टेकाम काकांनी आज मला खर्रा दिला. मी घेतला. कपाळाला नाही लावला, ते तिचं आहे. नुसता बरणीत टाकला. म्हणाले, ‘तुह्या बाबाचा जांभळा धागा दिसून नाई राह्यला बरणीत?’ मी म्हटलं, आता ते घोटतच नाहीत.

११ फेब्रु., मंगळ.
रिपोर्ट परवा मिळणार. तिघांनी जायचं ठरलं. बाबाच म्हणाले, ‘मनीषालेबी घेऊ संगं.’ मी हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं, शपथ.

आईने डब्यात मऊ भात करून द्यायचं ठरवलंय, आणि म.साठी वेगळा ठेचा. माझ्यासाठी काय, ते कुणी विचारलेलं नाही.

पण बसमध्ये दोघांच्या सीटवर बाबांच्या शेजारी मी बसणार. तिला मागे जागा मिळेल, नाही मिळाली तर उभी राहील. ते मी आजच तिला सांगून ठेवलंय.