तोंड तुझं, हात माझे

प्रिय सुमन,

आपल्या मिनूनं काढलेला सिनेमा पाहून आली अन् तेव्हापासून मले तुझा राग येऊन राहिला. गेलेल्या माणसाशी भांडायचं तर पत्रच लिहा लागते. म्हणून सुनेले बसवलं आहे. मी सांगून राहिली, ती लिहून राहिली. माझं बोलणं मधातच सुधारू नको, असं तिले बजावलं आहे.

सिनेमा आपल्याच घरचा आहे. सक्करदऱ्याच्या त्या दोन खोल्या, एक नळ, सायकलनं ड्युटीले जाणारा बाप, अन् त्यात मोठी होणारी एक पोट्टी. ती शाळेत नापास होते, आईशी अबोला धरते, मैत्रिणीसाठी रडते, मोठी होते. बाकी काही घडत नाही. तरी लोक चूप बसून पाहत होते. आपण तर हे सारं फुकटात पाहिलं वं!

पण त्या घरात आजी एकच. दोन जावांनी एका चुलीवर जन्म काढला, अन् सिनेमात एकच! ती कोण? तू. तेच तोंडावर पदर धरून हसणं, तेच पदराच्या गाठीत फुटाणे ठेवणं. मी शोधून राहिली, आता येईन, मग येईन. सिनेमा संपून दिवे लागले तरी मी काही आली नाही.

मिनूले विचारलं, सख्खी आजी मी, अन् मलेच काहून काढलं? तर म्हणते, "आजी, दोन आज्या दाखवल्या तर लोकांचा गोंधळ होते."

तिचा स्वतःचा तर कधी गोंधळ झाला नाही. उवा काढायले मी, गोष्ट सांगायले तू. एरंडेल पाजायले मी, वरून गुळाचा खडा द्यायले तू. सिनेमात गूळ आहे, एरंडेल नाही. आता तूच सांग, हा काय न्याय झाला? तू मेली अन् गोड झाली. मी जिती आहे, तर अजून ओरडतेच.

अन् खरी जळली मी ती लंबी रोटी पाहून. सिनेमातली आजी पाहुण्यांसाठी लंबी रोटी करते. ती पातळ कणीक या हातावरून त्या हातावर झुलवत लांबवते, अन् चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अल्लद टाकते. तू? तुले जन्मात ती रोटी जमली नाही! तू मडक्याखाली लाकडं सारायची.

त्या नटीलेही नाही जमली. कणीक कोपरापासून ओघळून लुगड्यावर. मग मिनू बेस्याले माझ्या घरी आली अन् मले गाडीत घालून घेऊन गेली. "फक्त हात पाहिजेत, आजी," म्हणे. मले तुझ्यासारख्या लाल बांगड्या चढवल्या अन् चुलीपुढं बसवलं. म्हणजे पडद्यावर तोंड तुझं, हात माझे. रोटी मी टाकली अन् कौतुक तुझं!

तू मरते तिथं माझ्या बाजूची बाई रडायले लागली. ना ओळखीची, ना पाळखीची. नाक शिंकरून शिंकरून रडे. मले असा राग आला! मी म्हटलं, "काहो बाई, तुमची कोण लागे ती?"

"माझी आजी आठवली," ती म्हणाली.

"माझी जाऊ होती," मी म्हटलं.

तिनं रुमाल पुढं केला. मी घेतला नाही. म्हणजे काय, तिकीट काढून कोणीही यावं अन् तुले घरी घेऊन जावं?

तसं एक सिनेमात नाही. पहिली रोटी. माझी पहिली रोटी नेहमीच फाटे, आठवते का? मडकं सारखं तापलेलं नसे अन् मले धीर नसे. सासूबाईची नजर पडायच्या आधी तू ती उचलायची अन् चुलीमागं बसून गरम गरम, कोरडीच खाऊन टाकायची. तोंड पोळे, डोळ्यांत पाणी येई. सासूबाईंनी विचारलं, तर म्हणायची, धूर गेला. साऱ्या सक्करदऱ्यात माझं नाव होतं, मोठीची रोटी कधी फाटत नाही म्हणून. मिनूलेही तेच माहीत.

शूटिंगलेही पहिली फाटली. सवयीनं मी ती चुलीमागं सारली. तिथं कोणी नव्हतं.

मिनू धावत आली, आजी, काय झालं? मी म्हटलं, धूर गेला.

ती फाटकी रोटी त्यांनी सिनेमातून कापून टाकली. बरं झालं. मिनूले तुझं हसणं घेऊ दे, फुटाणे घेऊ दे, माझे हातही घेऊ दे. पण पहिल्या रोटीचं मी तिले सांगतलं नाही, सांगणारही नाही. सुनेलेही शपथ घातली आहे. इतकं तरी माझ्या एकटीचं राहू दे.

तुझ्या वर्षश्राद्धाले अंगणात तीन विटा मांडीन अन् मडकं उपडं ठेवीन. पहिली फाटणारच. ती कोणाले दिसू देणार नाही, कोणाले देणारही नाही. तुझ्या जागेवर बसून कोरडीच खाईन, तोंड पोळलं तरी.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
तुझी मोठी जाऊ
यमुना

(अक्षर सुनेचं. जळणं माझं.)