हरवलेले दोन टक्के

४ मार्च
आले एकदाची! दादा इथेच यंत्रावर आहे, फाटकावर न्यायला आला होता. भेटेल त्याला सांगत सुटलाय की ही माझी धाकटी, डोक्याने माझ्यापेक्षा बरी.
इथल्या पुरुषभर उंचीच्या नळीतून मायक्रोवेव्ह निघतात. पुढेमागे त्यांनी प्लाझ्मा तापवायचा, कोटी कोटी अंशांपर्यंत. सध्या नुसत्या चाचण्या. सगळी शक्ती तीन सेकंद पाण्याच्या टाकीत सोडायची आणि पाणी किती तापलं ते मोजायचं. तेच मी संगणकावर करून बघायचं. टाकीचा आकडा माझ्यापेक्षा रोज दोन टक्के कमी भरतो. साहेब म्हणाले, शोधा. आठवड्यात शोधते, म्हटलं. दादाने डोळे वटारले.

७ मार्च
डोकं फोडून झालं. शेवटी वैतागून, ते दोन टक्के कुणी माणूस शोषतोय असं धरून, संगणकातल्या चाचणी-खोलीच्या कोपऱ्यात माणसाएवढी पाण्याची पिशवी काढली. वजन कमीजास्त करत अठ्ठावन्न किलोवर आले, आणि आकडे तंतोतंत जुळले! हसून हसून पुरेवाट. दादा हसला नाही. कुणाला दाखवू नकोस म्हणाला, आणि जेवलाही नाही.

८ मार्च
आज पिशवी चार फूट दाराकडे सरकवली तेव्हाच जुळलं. तीनदा तपासलं. कॅमेऱ्यात खोली रिकामी.
दादाला खोदून खोदून विचारलं, तेव्हा रडत बोलला. खोलीत जाणाऱ्याने फळ्यावरची किल्ली सोबत न्यायची; ती परत टांगेपर्यंत यंत्र सुरूच होत नाही. खोळंबा नको म्हणून दादाने एक जादा किल्ली करून घेतली होती. माझ्या आधीचा इंजिनिअर चहाला गेलाय असं समजून दादाने ती टांगली. तो आत होता. सडपातळ होता म्हणे, साठ किलोही नसेल. चूक मेला त्याचीच, असं सगळ्यांना वाटलं, आणि दादा गप्प बसला.
मला दादाचा संताप आला. कीवही आली.

११ मार्च
पिशवी दारापाशी. चाचणीनंतर आत जातो तो दादाच. जाऊ नकोस म्हणून पाया पडले. नोकरी आहे बाई, म्हणाला आणि गेला.
बाहेर आला तो मुका. अंगाला हात लावला तर चटका बसतोय. घरी मला मॅडम म्हणाला. थट्टा असेल—

१२ मार्च
सकाळची चाचणी. अठ्ठावन्नावर जुळत नाही. वाढवत गेले. चौऱ्याहत्तर.
दादाचं वजन तेवढंच—

लहान चाचण्या, पाच. पाचही वेळा पिशवी दाराला टेकलेली. ठोठावत असेल तो. दादा आत आहे—
आता पूर्ण शक्ती. दादाच्या हातांनी फळ्यावर किल्ली टांगतोय तो कोण—
थांबवा म्हणून ओरडले. साहेब म्हणाले, अहो, तुमचा भाऊ हा काय, इथेच उभा आहे.
भोंगा. दादा, मागे हो, दादा, टाकीच्या आड—