आईने दाखवलेली जागा

चि. धाकट्यास,

मी तुझा थोरला भाऊ, वय वर्षे चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि उपनगरातल्या तुझ्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आईसह राहणारा तुझा भाडेकरू. हे पत्र तू मागितलेल्या वाढीव भाड्यासंबंधी आहे.

बाजारभावाने भाडे मागण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. तो भाव माझ्या निम्म्या पगाराहून जास्त असल्याने मी जागा सोडत आहे. माझा संताप त्याबद्दल नाही.

रविवारी तुझा एजंट एका जोडप्याला घेऊन आला. मी तोंड उघडण्याआधीच आई उठून खिडक्या उघडून दाखवू लागली. "पाण्याचा त्रास नाही हो. धाकट्याने हौसेनं घेतलंय घर."

एजंट हसला. "आजी, माझं कमिशन तुम्हालाच द्यायला हवं!"

त्या मुलीने विचारले, "मग तुम्ही कुठे जाणार, आजी?"

"धाकट्याकडे. उगाच का तो जागा रिकामी करून घेतोय?"

तू तिला एका शब्दाने बोलावलेले नाहीस. तिने मात्र कपड्यांची बॅग भरून दाराशी ठेवली आहे आणि फोन वाजला की ती माझ्याआधी धावते. जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवायची होतीस.

हे पत्र मिळाले, तर तू लाजेकाजेस्तव तिला घेऊन जाशील आणि तेवढ्यावर ती जन्मभर तुझे गोडवे गाईल. ते ऐकून घेण्याची माझी तयारी नाही, म्हणून मी हे टपालात टाकत नाही.

तुझा थोरला भाऊ
स्थळ : तुझाच फ्लॅट, दुसरा मजला
दिनांक : १८ मार्च