कुडपणचं न्यू ग्रॅनडा

प्रिय रितेश,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं. पण पंधरा वर्षांची सवय, दुसरं काय लिहू?

परवा आईबरोबर कुडपणला गेले होते, माळाच्या देवाला राखण द्यायला. तुला ठाऊक आहे, ती नारळ ठेवते आणि आमच्या माळावरच्या एकेका जागेचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालते. हैबतीचा दांड, करवंदीचं टेप, सासूची खाच. यंदा वाटेवर फाटक, वर पाटी: 'न्यू ग्रॅनडा हिल्स'. आत सोडेनात. मग आईनं फाटकाबाहेरच नारळ ठेवला आणि तारेपलीकडे बघत सगळी नावं घेतली. तुझा इतका संताप आला मला!

ते नाव तू कुठून उचललंस, हे माझ्याशिवाय कोणाला कळणार? नववीतलं नाटक, स्पॅनिश लोकांनी दक्षिण अमेरिका बळकावल्याचं. तू पुठ्ठ्याचं शिरस्त्राण घातलेला स्पॅनिश सरदार, मी तिथली बाई. किनाऱ्यावर उतरून तू जाहीरनामा वाचायचास, ही जमीन आता आमच्या राजाची आणि हिचं नाव न्यू ग्रॅनडा. ऐकणाऱ्यांना अवाक्षर कळायचं नाही, पण वाचून दाखवलं की झालं. ते खरंच असं करायचे, हे सरांनी सांगितल्यावर आपण पोट धरून हसलो होतो. आता बिरवाडीच्या शाळेत मीच तो धडा शिकवते.

आणि गेल्या मे महिन्यात तू आमच्या ओटीवर बसून आईला चार पानं इंग्रजी वाचून दाखवलीस. माळावर झाडं लावायची परवानगी, म्हणालास. निघालं कुलमुखत्यारपत्र. त्यावर तू माळ विकून मोकळा झालास. तिच्या हातची भाकरी खाऊन, रितेश!

उद्या पोलादपूरला आमच्या हरकतीची सुनावणी आहे. तू आईचं नाव घेऊन म्हणशील, ठकूबाईंना सगळं समजावलं होतं, साक्षीदार आहे. खरंच आहे. आई अंगठा लावायला तयार नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय लिवलंय गो त्यात?" तू वाचत होतास तेव्हा मी आत चहा गाळत होते, काही ऐकलंही नव्हतं. पण कागद तुझा, म्हणून एक ओळही न वाचता तू सांगितलंस तेच तिला सांगितलं आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली. त्या सरदारांबरोबर तिथलाच एक दुभाषा असायचा. नाटकात आपण तो गाळला होता. मी कागद वाचला होता, असं आईला अजून वाटतं. उद्या तिच्यासमोर खरं सांगणार आहे. तिच्याआधी तुला सांगतेय, ही सवय आज शेवटची.

एके काळची तुझीच,
समीक्षा