कार्बोरेटरचा दोष नव्हता

बाबा,

गाडी चालू करून बघा, आता उभ्या जागी थरथरत नाही. कार्बोरेटरला हात लावू नका, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तीन रविवार तुम्ही उगाच त्याचे स्क्रू पिळत बसलात, वर माझ्यावर डाफरलात. इंजिनाच्या मागे ब्रेककडे जाणारा रबरी पाइप चिरला होता, त्यातून हवा आत ओढली जात होती. नवा बसवलाय. जुना टेबलावर आहे, भेग बघून घ्या.

शोधला तुमच्याच पद्धतीने. नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेका जोडावर. पण खरं सांगू? नळी लागलीच नाही. फुसफुस गॅरेजच्या दारातूनच ऐकू येत होती. त्याच पाइपावर नळी धरून तुम्ही "इथे काही नाही" म्हणालात, तेव्हाही येत होती. तुम्ही चिडाल म्हणून मी गप्प बसले.

साडेपाचला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. गाडी तुम्हीच चालवा.

हे सगळं तोंडीच सांगणार होते. तुम्ही पाठमोरे चहा गाळत होतात. दारातून तीनदा हाक मारली, मग ही चिठ्ठी लिहायला बसले.

छोटी